सनदेत नसलेला शब्द : जागतिक बँकेतल्या नोकरीची पार्श्वभूमी

‘परवा मिशन आहे.’ मराठवाड्यातल्या एखाद्या तालुका कृषी कार्यालयात एवढं वाक्य पुरतं. शेततळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा गाजरगवताचं रान उपटलं जातं, प्रकल्पाचा फलक धुतला जातो, मोजमाप पुस्तिका अद्ययावत होतात आणि चार शब्द नीट बोलू शकेल असा शेतकरी हेरून ठेवला जातो. ठरल्या दिवशी दोन-तीन गाड्या येतात. टोपीवाला पाहुणा शेडनेटच्या सावलीत उभा राहून विचारतो, अनुदान खात्यात किती दिवसांनी जमा झालं? शेतकरी सविस्तर सांगतो, त्यात सोसायटीचं कर्जही येतं, लेकीचं लग्नही येतं. अधिकारी त्याचं एका ओळीत भाषांतर करतो. पाहुणा ती ओळ वहीत टिपतो.

हे मिशन म्हणजे जागतिक बँकेची पाहणी. ती संपताना ‘एड-मेमॉयर’ नावाचं टिपण तयार होतं : काय पाहिलं, काय अडलंय, कुणी कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं. बँकेत काम करणं म्हणजे बऱ्याच अंशी ही टिपणं लिहिणं. कामाचा घोषित हेतू मात्र मोठा आहे, गरिबी संपवणं. हा हेतू बँकेच्या जन्मापासूनचा आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बँकेची मूळ सनद वाचली तर तिच्यात उत्पादकता आहे, राहणीमान आहे, कामगारांची स्थितीही आहे. गरिबी हा शब्द नाही.

ती सनद जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वूड्सच्या एका डोंगराळ हॉटेलात ठरली. ४४ देशांचे प्रतिनिधी होते. महायुद्ध चालूच होतं. भारत पारतंत्र्यात होता, तरी त्याचं शिष्टमंडळ वेगळं होतं. नेतृत्व सर जेरेमी रेझमन यांचं. सोबत षण्मुखम चेट्टी, मुंबईचे ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा आय.सी.एस. अधिकारी तिथे बँकेबरोबरच ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या भारताच्या वाट्यासाठी आणि ब्रिटनकडे अडकलेल्या भारताच्या स्टर्लिंग रकमेच्या वसुलीसाठी भांडत होता. पुढे सोव्हिएत रशियाने या संस्थांपासून दूर राहायचं ठरवलं आणि भारत पहिल्या पाच भागधारकांत जाऊन बसला. १९५० साली बँक आणि नाणेनिधी यांची पॅरिसमध्ये संयुक्त वार्षिक सभा झाली, तिचे अध्यक्षही देशमुखच. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून आपल्याला ते ठाऊक असतात. हा भाग सहसा सांगितला जात नाही.

‘आंतरराष्ट्रीय पुनर्रचना आणि विकास बँक’ या बँकेच्या लांबलचक मूळ नावात ‘पुनर्रचना’ आधी आणि ‘विकास’ नंतर आहे. तिचा व्यवहारही त्याच क्रमाने झाला. मे १९४७ मध्ये पहिलं कर्ज गेलं ते युद्धाने पिचलेल्या फ्रान्सला. फ्रान्सने ५० कोटी डॉलर मागितले होते, मिळाले २५ कोटी. मग युरोपसाठी अमेरिकेच्या मदतीची मार्शल योजना आली, तिच्यापुढे बँकेचा पैसा किरकोळ ठरला आणि बँक दुसरं गिऱ्हाईक शोधू लागली. १९४८ मध्ये चिलीला जलविद्युतसाठी कर्ज मिळालं, ऑगस्ट १९४९ मध्ये भारतीय रेल्वेला इंजिनांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर.

त्या काळात बँकेत नोकरीला कोण होतं? वकील, इंजिनिअर आणि रोख्यांच्या बाजारातले लोक. कारण साधं होतं. बँकेकडे स्वतःचा पैसा थोडाच होता. न्यूयॉर्कच्या बाजारात रोखे विकून तो उभा करायचा होता. विमा कंपन्या आणि पेन्शन फंड यांना हे रोखे सुरक्षित वाटायला हवेत, तर कर्ज अशा कामालाच द्यायचं ज्यातून परतफेड डोळ्यांना दिसेल : धरण, वीजघर, लोहमार्ग, बंदर. आपल्याकडे १९५४ साली टाटांच्या ट्रॉम्बे इथल्या वीजकेंद्राला बँकेने कर्ज दिलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईत उद्योगांना कर्ज देणारी आय.सी.आय.सी.आय. उभी करायला हातभार लावला. शाळा-दवाखाने मात्र ‘अनुत्पादक’ खात्यात मोडत. शिक्षणासाठीचा पहिला पैसा १९६२ मध्ये ट्युनिशियाला मिळाला, तोही नुकत्याच निघालेल्या दुसऱ्या खिशातून.

हा दुसरा खिसा म्हणजे १९६० साली स्थापन झालेली आय.डी.ए., म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास संघटना. रोखे विकून आणलेला पैसा व्याजाने द्यावा लागतो आणि सगळ्यात गरीब देशांना तो झेपत नाही. म्हणून श्रीमंत देशांच्या वर्गणीतून जवळजवळ बिनव्याजी, कित्येक दशकांच्या मुदतीचं कर्ज द्यायची सोय झाली. भारत तिचा अनेक वर्षं सर्वांत मोठा लाभार्थी होता आणि २०१४ मध्ये त्या यादीतून बाहेर पडला. पण वर्गणी आली की वर्गणीदारांचा आग्रहही येतो. १९६४-६५ मध्ये बँकेने पाठवलेलं बर्नार्ड बेल यांचं मिशन दिल्लीत येऊन गेलं. शेती, आयात आणि रुपयाची किंमत यांबद्दल त्याने शिफारशी केल्या. ६ जून १९६६ ला डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. अपेक्षित मदत पुरेशी आली नाही, आणि बँकेच्या माणसाचा सल्ला हा दिल्लीत पुढची कित्येक वर्षं संशयाचा विषय राहिला.

गरिबी बँकेत खऱ्या अर्थाने आली ती रॉबर्ट मॅक्नामारा यांच्याबरोबर. फोर्ड मोटर कंपनी, मग अमेरिकेचं संरक्षण खातं, व्हिएतनाम, आणि १९६८ पासून तेरा वर्षं बँक. या माणसाला आकडा लागायचा. सप्टेंबर १९७३ मध्ये नैरोबीच्या सभेत त्यांनी ‘निरपेक्ष दारिद्र्य’ हा शब्द बँकेच्या तोंडी बसवला : रोगराई, निरक्षरता, कुपोषण आणि घाण यांनी माणसाच्या किमान गरजाही हिरावून घेणारी स्थिती. विकासाचे आकडे वर चढताना जवळपास ४० टक्के माणसं खालीच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

या भाषणाच्या पावणेतीन वर्षं आधी, जानेवारी १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब छापला होता. १९६०-६१ च्या किमतींना माणशी महिना खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. एवढा खर्च ज्याला जमतो त्याला दिवसाला साधारण २,२५० उष्मांकांचं अन्न मिळतं. या रेषेखाली खेड्यांतली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं निघाली. पंधरा रुपयांत काय येतं, हा प्रश्न डेक्कन जिमखान्याच्या रस्त्यावर बसून कुणीतरी गांभीर्याने विचारला होता. त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या एका अभ्यासगटाने महिना वीस रुपयांची रेषा सुचवली होती. गरिबी मोजायची विद्या वॉशिंग्टनहून इकडे आली असं मानणाऱ्यांनी या तारखा एकदा ओळीने लावून पाहाव्यात.

१९९० साली बँकेने दारिद्र्यावर अहवाल काढला आणि ‘दिवसाला एक डॉलर’ ही रेषा जगभर रूढ झाली. तिच्यामागचे अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन. त्यांनी गरीब देशांच्या आपापल्या रेषा गोळा करून एका मापात आणल्या. माणशी वर्षाला २७५ ते ३७० डॉलर असा पट्टा निघाला, वरची कड म्हणजे दिवसाला एक डॉलर. आणि खालची, २७५ ची कड? ती भारतात वापरात असलेल्या रेषेशी जुळणारी होती.

मॅक्नामारांच्या काळात कर्जवाटप वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरवरून बारा अब्जांवर गेलं. माणसं तिपटीहून वाढली आणि माणसांची जातही बदलली. कृषितज्ज्ञ आले, लोकसंख्या अभ्यासक आले. धोरण-नियोजनाचे प्रमुख म्हणून पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक बसले. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग प्रोफेशनल्स’ योजनेतून तिशीच्या आतबाहेरची हुशार पोरं थेट वॉशिंग्टनला उचलली जात. १९६८ मध्ये रुजू झालेले आणि पुढे भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले माँटेकसिंग अहलुवालिया अठ्ठाविसाव्या वर्षी विभागप्रमुख झाले. डॅनिएल बेनोर या इस्रायली तज्ज्ञाची ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत याच लाटेत आली. ठरल्या वारी ठरल्या शेतकऱ्याकडे गावपातळीवरच्या कृषी कार्यकर्त्याने जायचंच, असा तिचा दंडक. आपल्याकडचे निवृत्त कृषी अधिकारी ‘टी अँड व्ही’ म्हणून तिची आठवण काढतात, काही कौतुकाने आणि बरेच हसत.

पैसा वेगाने वाटायचा म्हटल्यावर नोकरीत बढतीही त्याच मापाने मिळू लागली. कर्ज मंजूर करून घेणारा पुढे जातो. नंतर कालव्यात पाणी आलं की नाही हे बघत बसणारा मागे पडतो. हे टीकाकारांचं म्हणणं नाही, बँकेच्याच आतल्या माणसाने, विली वापेनहान्स यांनी, १९९२ च्या अहवालात ते नोंदवलं. १९९१ मध्ये तपासलेल्या पूर्ण प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक निघाले होते. दहा वर्षांपूर्वी तो आकडा १५ टक्के होता.

१९९२ मध्येच दुसरा अहवाल आला, आणि त्याचं एक टोक अक्कलकुवा तालुक्यात होतं. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा नियम बँकेकडे १९८० पासून होता. मायकेल सर्निया या बँकेच्या पहिल्या समाजशास्त्रज्ञाने तो लिहिला होता. पण नियम कपाटात आणि धरण नदीत. महाराष्ट्रातलं बुडिताचं पहिलं गाव मणिबेली. तिथल्या आदिवासींनी हलायला नकार दिला, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाने तो नकार थेट वॉशिंग्टनच्या सभागृहांत पोचवला. बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ मध्ये समितीने सांगितलं की या परिस्थितीत योग्य पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे यावं. मार्च १९९३ अखेर भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नाकारलं, आणि सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केलं. प्रकल्पाने ज्याचं नुकसान झालं तो माणूस आता सरकारला वळसा घालून तक्रार करू शकत होता. २००४ मध्ये मुंबईतल्या रस्ते-रेल्वे प्रकल्पाचे विस्थापित याच दारात गेले आणि २००६ मध्ये काही महिने त्या प्रकल्पाच्या रस्ते व पुनर्वसन भागाचा पैसा थांबला. मणिबेली पाण्याखाली गेलं. त्याच्यामुळे बँकेत पर्यावरण आणि सामाजिक संरक्षण या विषयांची टेबलं मात्र वाढली, आणि आज तिथे नोकरी करणाऱ्या कित्येकांना या गावाचं नावही माहीत नसेल.

पॅनेल स्थापन झालं त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारी हादरली. पुढच्या वर्षी बँकेच्या कर्जातून भूकंप पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. त्याखेरीज हजारावर गावांतली घरं जागेवरच दुरुस्त करायची होती. या दुरुस्तीच्या कामात गावोगाव महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. भिंतीत दगड कसा बांधायचा, कोपऱ्याला पट्टी का हवी, दुसरा हप्ता कधी सुटतो, हे त्या घरमालकाला समजावून सांगत. मला बँकेच्या साऱ्या इतिहासात हा तुकडा सर्वांत जिवंत वाटतो. इथे भाषांतर एका ओळीचं नव्हतं.

‘दारिद्र्यमुक्त जग हे आमचं स्वप्न’ ही ओळ मुख्यालयाच्या भिंतीवर झळकली ती जेम्स वुल्फेन्सन यांच्या काळात, १९९५ नंतर. २०१३ मध्ये स्वप्नाला मुदत मिळाली : २०३० पर्यंत अतिदारिद्र्य तीन टक्क्यांच्या खाली. २०२३ मध्ये ब्रीदात ‘जगण्याजोग्या पृथ्वीवर’ हे शब्द जोडले गेले. रेषाही सरकत राहिली, १.२५, १.९०, २.१५, आणि जून २०२५ पासून दिवसाला तीन डॉलर. ब्रीद बदललं तेव्हाचे, आणि आजचेही, अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याच्या खडकीतला. त्याचा आपल्याकडे आनंद झाला, पण ते आले अमेरिकेचे उमेदवार आणि अमेरिकेचे नागरिक म्हणून. बँकेचा अध्यक्ष अमेरिकन असावा हा अलिखित रिवाज १९४६ पासून मोडलेला नाही.

बँकेत जायचं म्हणणाऱ्या मुलांना यंग प्रोफेशनल्सची बत्तीस वर्षांची अट ठाऊक असते. त्या दारातून दरवर्षी जगभरातून मोजकेच आत जातात. त्याहून खूप जास्त लोक सल्लागार म्हणून दिवसांच्या हिशेबाने, वर्षाला फार तर दीडशे दिवस काम करतात. चेन्नईत २००१ पासून हिशेब आणि कचेरीकामाचं मोठं कार्यालय आहे. पण बँक स्वतः प्रकल्प राबवत नाही. ‘जलस्वराज्य’सारखी गावांच्या पाणीपुरवठ्याची योजना असो की ‘पोकरा’सारखा हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प, ते राबवतं राज्य सरकारचं प्रकल्प कार्यालय, आणि तिथली बरीच मुलंमुली कंत्राटी असतात. बँकेच्या पगारपत्रकावर त्यांचं नाव नसतं. फलक तेच धुतात, मोजमाप पुस्तिका तेच भरतात, शेतकरी तेच हेरतात. मिशन गेलं की एड-मेमॉयर आली का, असं त्यांच्यातलं कुणीतरी विचारतं आणि मिळाल्यावर आधी एकच ओळ शोधतं : क्लोजिंग डेट. प्रकल्प ज्या तारखेला बंद होणार, त्याच तारखेला त्यांची नोकरी संपणार असते.