लांब एस गेला कुठे आणि फॉन्टात परत आला कसा

जुन्या इंग्रजी कागदाची नक्कल करायची म्हटलं की आपण आधी काय करतो, तर 'व्हिंटेज' नाव दिसेल तो फॉन्ट उचलतो, कडा खडबडीत, शाई पसरल्यासारखी, झालं काम. पण मजकूर अठराव्या शतकातला असेल आणि त्यात लांब एस (ſ, म्हणजे s चं एफसारखं दिसणारं जुनं रूप) नसेल तर जाणकाराच्या नजरेला ते पहिल्या ओळीतच खुपतं. मी एकदा शहाणपणा करून एसच्या जागी सरळ एफ टाकला होता, लांबून सेमच दिसतो म्हणून. एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब एसला मात्र फक्त डावीकडे बारीकसा कोंब असतो, इटॅलिकमध्ये बऱ्याचदा तोही नसतो. आणि सगळे एस लांब नसतातच मुळी! सुरुवातीला आणि मधे लांब, शब्दाच्या शेवटी आपला नेहमीचा आखूड. अमेरिकेच्या बिल ऑफ राइट्सची १७८९ ची हस्तलिखित प्रत बघा, 'काँग्रेस'च्या शेवटच्या दोन एसपैकी पहिला लांब, दुसरा आखूड.

ही सवय हाताने लिहिण्यातली, छपाईने ती तशीच उचलली. गुटेनबर्गच्या १४५५ च्या सुमाराच्या बायबलात साधारण २९० वेगवेगळे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) मोजतात, कारण जोडअक्षरं, संक्षेपाच्या खुणा, एकाच अक्षराची अरुंद-रुंद रूपं, सगळं त्याने करून घेतलं होतं. उलटंही झालं, छपाईमुळे हाताने लिहिण्यातलं एक अक्षर हरवलं. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या छापखान्यांत बरेचसे खिळे युरोपातून यायचे, त्यात 'थॉर्न' हे th चा उच्चार दाखवणारं जुनं इंग्रजी अक्षर नसायचं, मग त्याच्यासारखा दिसणारा वाय लावायचे. पाट्यांवरचं 'यी ओल्ड' (Ye Olde) तिथून आलं, उच्चार 'द'च होता.

लांब एसचा आणखी एक त्रास म्हणजे त्याचं डोकं खिळ्याच्या बाहेर पुढच्या अक्षरावर लोंबायचं, पुढे एल किंवा एच आला की टक्कर, टोक तुटायची भीती, म्हणून या जोड्यांचे एकत्र ओतलेले वेगळे खिळे ठेवायचे, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, तेवढे खण जास्त. लंडनचा खिळे ओतणारा विल्यम कॅसलन याच्या १७३४ च्या नमुनापत्रकाच्या काळात हे सगळं नॉर्मल होतं. मग १७८० च्या दशकात लंडनचा प्रकाशक जॉन बेल याने लांब एस टाकून दिला, १८०३ मध्ये 'द टाइम्स'नेही सोडला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजी छपाईतून तो जवळपास गेलाच.

कॉम्प्युटर आला तेव्हा तो परत येईल असं वाटण्याचं कारणच नव्हतं, कारण सुरुवातीच्या फॉन्टात २५६ च जागा. ज्यांना जुनी अक्षरं हवी होती त्यांनी ती भलत्याच कीवर बसवली, नाहीतर वेगळी 'एक्स्पर्ट' फाइल केली. स्क्रीनवर छान दिसायचं पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की लांब एसच्या जागी काहीतरी भलतंच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याला स्वतःची जागा मिळाली तेव्हा हा घोळ मिटला, आणि ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या नव्या प्रकारामुळे जुनी जोडअक्षरं एकाच फाइलीत मावायला लागली. हस्तलिखितांवर काम करणारे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. २००१ मध्ये त्यांनी 'मुफी' (मिडिव्हल युनिकोड फॉन्ट इनिशिएटिव्ह) नावाचा गट काढला, मध्ययुगीन खुणांची यादी केली आणि त्यातल्या बऱ्याच २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये घुसवल्या. पीटर बेकर यांचा फुकट मिळणारा ज्युनिकोड फॉन्ट या कामातला माझा आवडता. छापील सतराव्या शतकासाठी मात्र मी फेल टाइप घेईन. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल यांनी १६७० च्या दशकात हॉलंडहून मागवलेले आणि १६८६ मध्ये विद्यापीठाला ठेवून गेलेले खिळे, इजिनो मारिनी यांनी त्यांचे ठसे बघून डिजिटल केले, ओबडधोबडपणा तसाच ठेवून, तेही फुकट.

एक लक्षात ठेवा, फॉन्टमधली 'हिस्टॉरिकल फॉर्म्स' ही जुनी रूपं दाखवणारी सोय चालू केली की काही फॉन्ट शब्दाच्या शेवटचा एससुद्धा लांब करून टाकतात, ते हाताने तपासावं लागतं. जर्मनमध्ये तर आणखी मजा, तिथे एकच स्पेलिंग (Wachstube) लांब एसने लिहिलं तर पहारेकऱ्यांची खोली, आखूड एसने लिहिलं तर मेणाची ट्यूब. यातलं कुठलं हवंय ते फॉन्टला कसं कळणार?