कोस्टा रिकातील आरोग्य सुधारणा

मध्य अमेरिकेतील सुमारे ५० लाख वस्तीच्या कोस्टा रिका या देशाने १९९०च्या दशकात केलेली सरकारी आरोग्यसेवेची फेररचना. आजार टाळण्याचे आणि बरा करण्याचे काम एकाच संस्थेकडे सोपवणे हा तिचा गाभा.

ही संस्था म्हणजे सामाजिक विमा निधी. लोक तिला नुसते ‘काहा’ म्हणतात. पेशाने डॉक्टर असलेले राष्ट्राध्यक्ष राफाएल आंखेल काल्देरोन ग्वार्दिया यांच्या कारकिर्दीत, १९४१ मध्ये ती स्थापन झाली. कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही तीत वर्गणी भरतात. आरंभी विमा पगारदारांपुरता होता. १९६१च्या घटनादुरुस्तीने तो सर्वांपर्यंत नेण्याचे ठरले आणि १९७३ नंतर सरकारी रुग्णालयेही काहाकडे आली. (१९४९च्या राज्यघटनेने सैन्य रद्द केल्यामुळेच आरोग्याला पैसा मिळाला, असे सर्रास सांगितले जाते. काहा मात्र त्याआधीची आहे.)

तरीही लसीकरण व गृहभेटी आरोग्य मंत्रालयाकडे आणि औषधोपचार काहाकडे, अशी वाटणी राहिली. १९८०च्या दशकातील कर्जसंकटात दोन्हीकडे पैशांची ओढाताण झाली. चिलीने आणि पुढे कोलंबियाने खासगी विमा कंपन्यांना वाट करून दिली. कोस्टा रिकाने जागतिक बँकेचे कर्ज घेतले, पण मार्ग वेगळा धरला: मंत्रालयाची प्राथमिक सेवा काहात विलीन केली आणि मंत्रालयाकडे धोरण व देखरेख ठेवली.

१९९५ पासून ‘एबाइस’ पथके उभी राहिली. डॉक्टर, परिचारिका सहायक, नोंदी ठेवणारा कारकून आणि घरोघर फिरणारा आरोग्य तंत्रज्ञ अशा पथकाकडे साधारण चार-पाच हजार लोक असतात. तंत्रज्ञ पायी, मोटारसायकलवर, कुठे होडीने जातो. रक्तदाब मोजतो, लस देतो, पिण्याचे पाणी आणि शौचालय पाहतो. सुरुवात राजधानी सान होसेपासून न करता सेवा सर्वांत तोकडी असलेल्या भागांपासून केली, हा या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय. आज अशी हजाराहून अधिक पथके आहेत.

देशाचे सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास, म्हणजे कितीतरी जास्त खर्च करणाऱ्या अमेरिकेपेक्षा किंचित वरचढ आहे. सगळे श्रेय एबाइसचे नव्हे. बालमृत्यू १९७०च्या दशकातील ग्रामीण मोहिमेतच झपाट्याने घटले होते. तज्ज्ञांची भेट आणि शस्त्रक्रिया यांच्या प्रतीक्षायाद्या मात्र लांबलचक आहेत. ज्यांना परवडते ते वर्गणी भरूनही खासगी दवाखाना गाठतात, आणि सरकारकडील थकबाकीवरून काहा व अर्थ मंत्रालय यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे.