बंदुकीचे पार्सल: गोव्यात शस्त्र नेण्या-आणण्याचे नियम, आणि चुकून ते तुमच्या दारात आले तर

सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण या तालुक्यांत काजू-सुपारीची बागायत सांभाळणाऱ्या अनेक घरांत शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. परवान्याच्या नूतनीकरणासाठी ती न्यावी लागते, निवडणूक आली की पोलीस स्थानकात जमा करावी लागते, बिघडली तर दुरुस्तीला द्यावी लागते. या नेण्या-आणण्याचे नियम परवानाधारकांनाही नीट ठाऊक नसतात. घरातल्या बाकीच्यांना तर ते कोणी सांगतच नाही, आणि कुरियरवाला बेल वाजवतो तेव्हा दार बहुधा त्यांनीच उघडलेले असते.

मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. विनापरवाना साधी बंदूक सापडली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि दंड. प्रतिबंधित शस्त्रांची शिक्षा याहून कितीतरी कडक आहे.

परवाना कोणाला, कागद कोणते

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. नेमबाजीच्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. अर्ज नमुना ए-१ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. शेतीरक्षणासाठी अर्ज असेल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडावा, म्हणजे गरज कागदावर दिसते. पोलीस चौकशी होते, अहवाल जातो, मग निर्णय. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक असतो. जुन्या परवान्यावर तो नसेल तर आधी तेवढे काम करून घ्या. एक गोष्ट मात्र मनात पक्की हवी: शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर किंवा गवा मारला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.

बंदूक पार्सलने पाठवता येते का?

सर्वसामान्य परवानाधारकाने हा मार्ग धरूच नये. टपालाने स्फोटक आणि घातक वस्तू पाठवायला बंदी आहे, आणि काडतुसातली दारू स्फोटकच. खासगी कुरियर कंपन्यांच्या वर्ज्य वस्तूंच्या यादीतही शस्त्रे असतात. विक्रेत्यांचा माल वेगळ्या वाहतूक परवान्याने जातो. तुम्ही मात्र परवानाधारक विक्रेत्याकडे स्वतः जायचे, मूळ परवाना दाखवायचा, त्यावर शस्त्राची नोंद करून घ्यायची आणि ते स्वतः आणायचे.

परवानाधारक आजारी असेल किंवा थकला असेल तर? कलम ३ मध्ये सोय आहे. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसरा माणूस परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक नेऊ शकतो. वडिलांनी मुलाला तोंडी सांगितले, एवढे पुरत नाही. चिठ्ठीत बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक, कारण, तारीख आणि सही हवी.

गोव्यात सर्वांत सहज होणारी चूक हद्दीची आहे. परवाना कोणत्या भागापुरता आहे ते त्यावर लिहिलेले असते. केरीहून चोर्ला घाटाने बेळगावला बंदूक दुरुस्तीला नेली की वाटेत तुम्ही गोव्याबाहेर पडता. पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलात तर महाराष्ट्र. परवाना फक्त गोव्यापुरता असेल तर पलीकडे तो चालत नाही, भले बाजारहाटासाठी तुम्ही तिकडे दर आठवड्याला जात असाल. निघण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयातून हद्द वाढवून किंवा प्रवासाची परवानगी घ्या.

दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून न्यायची असेल तर विमान कंपनीला आधी कळवावे लागते. बंदूक केबिनमध्ये नेता येत नाही. रिकामी करून, चेक-इनच्या वेळी जाहीर करून सामानात द्यायची. काडतुसे वेगळी आणि घट्ट बांधलेली, वजन माणशी ५ किलोच्या आत. परदेशातून आणणे हा वेगळाच विषय आहे: त्याला कलम १० खाली आयात परवाना लागतो आणि कस्टम्सची परवानगीही. आखातातल्या किंवा पोर्तुगालमधल्या नातेवाइकाने भेट म्हणून पाठवली, ही सबब चालत नाही.

चुकीचे पार्सल आले तर

अमेरिकेत परवानाधारक विक्रेते एकमेकांना कुरियरने बंदुका पाठवू शकतात, त्यामुळे असे खोके भलत्या दारात जाण्याची शक्यता तिथल्या व्यवस्थेतच आहे. आपल्याकडे कायदेशीर बंदूक अशी फिरत नाही, म्हणून ती पार्सलमध्ये निघाली तर गैरप्रकाराचा संशय आधी येतो. पत्ता चुकणे मात्र आपल्याकडेही सोपे आहे. एका वाड्यावर तीन नाईक आणि चार गावकर असतात, घर क्रमांक नवा-जुना असतो, आणि कुरियरचा मुलगा वळणावरच्या दुकानात पार्सल ठेवून पुढे निघतो.

नाव आपले नसेल तर पार्सल फोडू नका. फोडल्यावर आत शस्त्र दिसले तर हात तिथेच थांबवा. भरलेली आहे का ते बघायला जाऊ नका, बाहेर काढू नका, मुलांना खोलीबाहेर न्या. पार्सलवरच्या लेबलचा फोटो घ्या आणि ११२ वर किंवा आपल्या पोलीस स्थानकाला लगेच फोन करा. ते स्वतः गाडीत घालून पोलिसांकडे नेऊ नका. वाटेत तपासणी झाली तर बिनपरवान्याची बंदूक तुमच्या हातात असेल. पोलिसांना घरी येऊ द्या.

लोक इथे हमखास घसरतात ते कुरियरवाल्याला परत बोलावण्यात. त्याच्याकडेही परवाना नसतो, आणि एकदा ते पार्सल गेले की ते तुमच्याकडे कसे आले याचा पुरावाही जातो. खरे तर कलम ३६ प्रमाणे वाहतुकीत काम करणाऱ्यावरही जबाबदारी आहे: एखाद्या खोक्यात बेकायदा शस्त्र असल्याचा संशय आला तर त्याने जवळच्या पोलीस स्थानकाला कळवायचे असते. गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकणेही टाळा. लेबलवरचा पत्ता एखाद्या निरपराध माणसाचा असू शकतो.

भीती वाटणे साहजिक आहे, पण कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात आणि १९९४ च्या संजय दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असा अर्थ लावला. आत काय आहे हे ठाऊक नसताना पार्सल घेतले, एवढ्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. कळल्यानंतर ते दोन दिवस कपाटात ठेवले तर मात्र अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेता. म्हणून फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, डिलिव्हरीचा संदेश पुसू नका, पोलीस पार्सल नेतील तेव्हा पंचनाम्याची किंवा जप्तीची प्रत मागा.

खोक्यात छऱ्याची बंदूक निघाली तरी ती खेळण्यातली समजू नका. २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो, आणि हे नुसते बघून कळत नाही.

घरातला परवानाधारक वारला तर त्याची बंदूकही अशीच विनाविलंब पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. कलम २१ तेच सांगते. वारसाने पावती घ्यावी आणि स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज करावा. बंदूक नको असेल तर ती ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच विकता येते. परवानाधारक स्वतः दुसऱ्या परवानाधारकाला विकणार असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस स्थानकाला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते.