चाचणीतला पहिला क्रमांक आणि गाडीचा खरा वेग
शंकरपटात, म्हणजे विदर्भातल्या बैलांच्या शर्यतीत, प्रत्येक बैलजोडी ठरलेल्या अंतरावर घड्याळ लावून धावते आणि सेकंदाचा आकडा हाच निकाल असतो. त्यामुळे तळेगाव दशासरकडच्या पटशौकिनाने फॉर्म्युला वनच्या हंगामपूर्व चाचणीतल्या वेळांचा तक्ताही तसाच वाचावा हे स्वाभाविक असले, तरी ‘चाचणीत पहिली ती वर्षभर पहिली’ हा समज चुकीचा आहे. २०२५ च्या नियमांनुसार शर्यतीसाठी ११० किलोपर्यंत इंधन वापरता येत होते, आणि दर १० किलोमागे फेरीला सुमारे ०.३ सेकंद जास्त लागत असल्याने भरलेली टाकी व जवळजवळ रिकामी टाकी यांत तीन सेकंदांचे अंतर पडते. कोणी किती इंधन भरले, हे तक्त्यात नसते. टायर मऊ की कठीण, इंजिनाची ताकद राखून ठेवली का, बहारीनच्या दुपारच्या उन्हात गाडी पळाली की संध्याकाळच्या थंड डांबरावर, हेही त्यातून कळत नाही.

२०२५ च्या बहारीनमधल्या चाचणीत सर्वांत जलद फेरी विल्यम्स संघाच्या कार्लोस साइन्झची होती, १ मिनिट २९.३४८ सेकंदांची, संघांचे विजेतेपद मात्र मॅक्लारेनने पटकावले आणि विल्यम्स पाचव्या स्थानी राहिला. पाहायचेच असेल, तर एकाच टायरवर सलग मारलेल्या पंधरा-वीस फेऱ्यांत फेरीची वेळ किती वाढत जाते ते पाहावे. तिथे लपवाछपवी (अशक्य नसली तरी) बरीच अवघड जाते.