ग्रीन झोन म्हणजे रिजनरेटिव्ह शेती नव्हे

पुण्याच्या आसपास जमिनीचा विषय निघाला की "ग्रीन झोन आहे ना, मग माती वाचली" असं लोक बिनधास्त म्हणतात. तसं काही नसतं.

ग्रीन झोन म्हणजे शेती विभाग, १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली प्रादेशिक योजना नाहीतर डीपी, म्हणजे विकास आराखडा होतो त्यात तो ठरतो आणि तिथे काय बांधता येईल एवढंच सांगतो. बांधता येतंही बरंच, फार्महाऊस, पेट्रोल पंप, लग्नाचं लॉन, अटीत बसलं की झालं. उरलेल्या रानात वर्षानुवर्षं ऊस घ्या, पाटपाणी मोकाट सोडा, पाचट पेटवा, माती खारवली तरी झोन हिरवाच!

रिजनरेटिव्ह शेती म्हणजे मातीचा जीव परत आणणारी शेती, ती नकाशावर नाही, ढेकळात बघायची. वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात सोडा, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाला-मुळांतला कार्बन) असलेली माती बराच वेळ धरून राहते, मेलेली लगेच विस्कटते. नांगरट कमी, जमीन उघडी ठेवायची नाही, फेरपालट, बांधावर झाडं, जमलं तर जनावरं. भाताचं एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) तंत्र बघा, मावळ-मुळशीत चालण्यासारखं: गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, थेट टोकण, आणि कापणीनंतर मुळं तशीच जमिनीत कुजू द्यायची. (त्यात तणनाशक चालतं म्हणून सेंद्रियवाले नाक मुरडतात, तो वेगळाच वाद.) पण फरक दिसायला काही हंगाम जातात.

आणि इथेच झोन आणि रिजनरेटिव्ह शेती या दोघांची गाठ पडते. ज्याच्या रानाशेजारून रिंगरोड जाणार तो बांधावर आंबा कशाला लावेल? वाट्याने करणारा तर नाहीच नाही. जमीन टिकेल ही खात्री त्याला प्लॅननेच द्यायची असते. उलट प्लॅनवाल्यांना कुठली माती राखायची हे सातबाऱ्यावरून कळत नाही, त्यावर मालक दिसतो, पीक दिसतं, कर्ब नाही. तो मृदा आरोग्य पत्रिकेत असतो, ही योजना २०१५ पासून आहे, मग झोन ठरवताना तो आकडा समोर ठेवायला काय हरकत आहे? पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे तिथल्या माती-हवेची सरकारी कागदावर नोंद झाली, आणि विमानतळही त्याच पुरंदरमध्ये ठरलाय.

माझं मत विचाराल तर आधी ओढ्यासकट सलग पट्टे राखा, सुटेसुटे गुंठे हिरवे रंगवून उपयोग नाही, वरच्या प्लॉटिंगवाल्याने ओढा बुजवला की खालच्या रानात पाणी तुंबतं आणि मग कितीही कर्ब वाढवा, पीक पिवळं पडायचं ते पडतंच.