गाठीतला दुष्काळ

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा शिवारात दिसलेली दुसरी गोष्टही आठवत असेल: पैसेवाल्याची बोअर आठशे फुटांवर, अन्‌ शेजाऱ्याची विहीर ठणठणीत कोरडी. कॅन्सरच्या गाठीत हेच घडतं, फक्त तिथं टंचाई ऑक्सिजनची.

रक्तवाहिनीतून झिरपणारा ऑक्सिजन फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत पोचतो. गाठ भराभर वाढते, म्हणून तिचा आतला भाग गुदमरतो. तो आपोआप मरेल असं वाटतं ना? काही पेशी मरतातही. उरतात त्या मात्र जास्त चिवट.

कारण ‘हिफ’ नावाचं प्रथिन. पेशी ते सतत बनवते आणि ऑक्सिजन असेपर्यंत काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडायच्या कामालाच ऑक्सिजन लागतो. तो संपला की हिफ साचतं. मग पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागते, आम्ल बाहेर टाकते, नव्या रक्तवाहिन्या मागवते. त्या वाहिन्या वाकड्यातिकड्या, गळक्या. घाईत टाकलेल्या पाइपलाइनसारख्या. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता गाठ मारायला आलेल्या टी-पेशींचं, म्हणजे शरीराच्या लढाऊ रक्षक पेशींचं काय? साखर गाठीनं आधीच उपसलेली, भोवती आम्ल, श्वासाला ऑक्सिजन नाही. त्या थकतात, त्यांची संख्या वाढत नाही. वर हिफमुळे गाठीच्या पेशींवर त्यांना ब्रेक लावणारं प्रथिनही वाढतं. मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या रक्षक पेशी तर चक्क फितूर होतात, गाठीला रक्तवाहिन्या बांधायला मदत करतात. मग हिफच बंद करावं? तितकं सोपं नाही. टी-पेशींनाही मारा करायला तेच लागतं.

किरणोपचारातही हा दुष्काळ आडवा येतो. ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. हिंगोली-परभणीहून संभाजीनगरला येणारे पेशंट विचारतात, “रोज रोज थोडी थोडी लाइट कशाला? एकदाच देऊन टाका की.” निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा हे एक कारण. दुसरं असं, की बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोचू लागतो, आणि पुढच्या दिवशीच्या लाइटला त्या सापडतात.