जेम्स बाँड : पात्राचा उगम

ब्रिटिश लेखक इअन फ्लेमिंग (२८ मे १९०८–१२ ऑगस्ट १९६४) यांनी निर्मिलेला काल्पनिक गुप्तहेर. सांकेतिक क्रमांक ००७. ‘कसिनो रॉयाल’ (१९५३) या कादंबरीत तो प्रथम अवतरला. १२ कादंबऱ्या व दोन कथासंग्रह असा मूळ विस्तार असून शेवटची दोन पुस्तके मरणोत्तर प्रसिद्ध झाली. चित्रपटांतील बाँड सर्वपरिचित असल्याने प्रस्तुत नोंदीत केवळ पात्राच्या मुळांचा विचार केला आहे.

फ्लेमिंग यांचे वडील खासदार होते. १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर ते मारले गेले. ईटनमध्ये शिक्षण, सँडहर्स्टचे लष्करी शिक्षण अर्धवट, रॉयटर्ससाठी १९३३ च्या मॉस्कोतील खटल्याचे वार्तांकन, नंतर शेअरदलाली, असा त्यांचा युद्धपूर्व प्रवास. १९३९ मध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक जॉन गॉडफ्री यांनी त्यांना स्वीय सहायक नेमले. तेथे मिळालेला कमांडर हा हुद्दा पुढे त्यांनी बाँडलाही बहाल केला. त्यांचे काम मात्र मुख्यतः टेबलावरचे होते. ‘ऑपरेशन रूथलेस’ (१९४०) ही त्यांची योजना पाहण्याजोगी आहे : हाती लागलेल्या जर्मन बाँबफेकी विमानातून जर्मन गणवेशातील ब्रिटिशांनी इंग्लिश खाडीत मुद्दाम कोसळायचे, वाचवायला आलेल्या जर्मन नौकेवरील लोकांना ठार करायचे आणि नौकेसह ‘एनिग्मा’ या जर्मन संकेतयंत्राचे सांकेतिक साहित्य पळवायचे. योजना रद्द झाली, पण बाँडकथांची धाटणी तीत आधीच दिसते.

नावाचा उगम निर्विवाद आहे. ‘जेम्स बाँड’ हे फिलाडेल्फियाच्या एका पक्षिशास्त्रज्ञाचे नाव. वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक (१९३६) फ्लेमिंग यांच्या जमैकातील ‘गोल्डनआय’ या घरी हाताशी असे. नायकाला साधे, रंगहीन नाव हवे होते म्हणून ते उचलले, असा खुलासा फ्लेमिंग यांनी केला. १९६४ मध्ये हे बाँड गोल्डनआयला गेले, तेव्हा ‘तुमची ओळख चोरणाऱ्याकडून’ अशा आशयाचे शब्द लिहून फ्लेमिंग यांनी त्यांना आपली नवी कादंबरी भेट दिली.

खरा वाद आहे तो व्यक्तिमत्त्वाबद्दल, आणि त्याचे केंद्र पोर्तुगालमधील एस्तोरिलचा जुगारअड्डा. युगोस्लाव्ह दुहेरी हेर दुश्को पोपोव्ह यांनी १९७४ च्या आत्मकथनात असे म्हटले, की १९४१ मध्ये तेथे आपण मोठी रक्कम टेबलावर टाकून प्रतिस्पर्ध्याला नमवले, ते फ्लेमिंग पाहत होते आणि ‘कसिनो रॉयाल’मधील डावाचे मूळ तेच. हे कथन मोहक असले, तरी फ्लेमिंग यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी आले आहे. फ्लेमिंग यांची स्वतःची हकीकत निराळी : गॉडफ्रींसोबत एस्तोरिलला गेले असता समोरचे खेळाडू जर्मन हेर आहेत अशी कल्पना करून ते खेळले आणि हरले. गॉडफ्री यांच्या आठवणीनुसार समोर बसले होते ते साधे पोर्तुगीज. ही दुसरी हकीकत अधिक ग्राह्य वाटते. स्वतःची हार लेखक सहसा रचून सांगत नाही.

याखेरीज गुप्तहेर सिडनी रायली, पॅरिसमधील ब्रिटिश हेरप्रमुख विल्फ्रेड डंडरडेल, फ्लेमिंग यांच्याशी संबंधित ‘३० असॉल्ट युनिट’ या कमांडो तुकडीतील पॅट्रिक डॅल्झेल-जॉब व थोरले बंधू पीटर यांचीही नावे सुचवली जातात. युद्धकाळात भेटलेल्या अनेक हेरांचे व कमांडोंचे बाँड हे मिश्रण आहे, हे लेखकाचे म्हणणे प्रमाण मानणे बरे. सिगारेटी, मद्य, न्याहारीच्या अंड्यांविषयीचा काटेकोरपणा या आवडीनिवडी तर बव्हंशी फ्लेमिंग यांच्याच आहेत.

बाँडचा वरिष्ठ ‘एम’ याच्यामागे सामान्यतः गॉडफ्री पाहिले जातात. १९४३ नंतर ते रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरून नाविकांचे बंड सुरू झाले, तेव्हा नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर अशी धमकी आकाशवाणीवरून देणारे गॉडफ्री ते हेच. मराठी वाचकाला ते बाँडकथांपेक्षा या प्रसंगामुळे अधिक ओळखीचे असावेत.

००७ या आकड्याचा संबंध पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी उकललेल्या ‘००७५’ या जर्मन राजनैतिक संकेताशी जोडला जातो. एलिझाबेथकालीन गणिती व ज्योतिषी जॉन डी यांच्या ‘००७’ या कथित सहीशी जोडलेली व्युत्पत्ती लोकप्रिय असली, तरी संशयास्पद आहे.